वहीतली वीस मिनिटं

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक असतं. रक्तातली साखर, बँकेचा पासवर्ड, कुठला पाहुणा दारात दिसला की माझं डोकं दुखायला लागतं — सगळं. पण आता जे सांगणार आहे ते तिलाही ठाऊक नाही. भावाला नाही, मित्रांना नाही. अठरा वर्षं झाली. तुम्ही अनोळखी, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसलो तर तसं काही दिसत नाही. तरी सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. मी माझ्या कामात चांगला होतो. उगाच नम्रपणा पांघरायचा आणि त्याच्या आड लपायचं, हे मला जमत नाही. इंदापूर तालुक्यातल्या खेड्यातून बारामतीच्या कॉलेजात आलो, तिथून पुण्याला, आणि पुढं तीसेक वर्षं एका मोठ्या प्रयोगशाळेत मोजमापाचं काम केलं. निवृत्त झाल्यावर बारामतीत घर बांधलं. आता शाळा-कॉलेजांत भाषणाला बोलावतात, शाल-नारळ देतात, पोरं प्रश्न विचारतात, मी झकास उत्तरं देतो. लोकांना वाटतं, सर म्हणजे काटेकोर माणूस. बहुतेक बाबतींत ते खरंही आहे.

काम काय होतं? एक अतिशय ताकदीचा लेसर. त्याचा झोत इतका क्षणिक की डोळ्याची पापणी लवायला त्याच्या मानानं युगं लागतात. तो झोत तांब्याच्या पातळ पत्र्यावर केसाच्या टोकाएवढ्या जागी मारायचा. त्या जागी धातूतले इलेक्ट्रॉन असे उधळतात की पत्र्यातून एक्स-रे आणि गॅमा किरणं बाहेर पडतात. आत जातो नुसता प्रकाश, आणि बाहेर येतं ते थांबवायला शिशाच्या विटा रचाव्या लागतात. किती किरणं आली, केवढ्या ताकदीची, कुठल्या दिशेला — हे मोजणं माझ्याकडं होतं. भिंत किती जाड बांधायची, माणसांनी कुठं उभं राहायचं, हे त्या आकड्यांवर ठरायचं.

पण मोजायचं कसं? एकेक किरण मोजणारी यंत्रं इथं निकामी ठरतात, कारण सगळं एकदम येऊन आदळतं. म्हणून आम्ही एक प्लेट वापरायचो. जुन्या काळच्या फोटोच्या फिल्मसारखी — वहीच्या पानाएवढी, पांढरी, गप्प. जे काही अंगावर पडलं ते ती धरून ठेवते. मग ती काळ्या पिशवीत घालून, उजेड न लागू देता, स्कॅनरवर न्यायची आणि तिच्यावर काय उमटलंय ते वाचायचं. वाचून झालं की प्रखर दिव्याखाली ठेवून पुसायची आणि पुन्हा वापरायची. साधी, स्वस्त, विश्वासू वस्तू.

तिची एकच खोड. ती विसरते. किरणं पडून गेली की पहिल्या मिनिटापासून तिच्यावरचं हळूहळू पुसट व्हायला लागतं. आधी भराभर, मग सावकाश. त्यामुळं नियम असा की झोत मारल्यापासून स्कॅन करेपर्यंतचा वेळ दर वेळी सारखाच ठेवायचा. आमच्याकडं तो होता वीस मिनिटं. वहीत त्यासाठी वेगळा रकाना होता.

आणि त्या रकान्यातच माझं पाप आहे. मला वाटलं होतं इथवर यायला अजून दोन पानं लागतील. आलो तर आलो.

मी नवा होतो तेव्हा या प्लेटचा तक्ता मी बनवला. म्हणजे काय, तर ज्याची ताकद आधीच माहीत आहे अशा किरणांच्या स्रोतापुढं प्लेट ठेवायची, वीस मिनिटं थांबायचं, स्कॅन करायची, आणि लिहून ठेवायचं — इतक्या किरणांना प्लेटवर इतकं उमटतं. पुढं ज्याला कुणाला मोजायचं असेल त्यानं तक्त्यात बघून उलटा हिशेब करायचा. पण स्कॅनर होता वरच्या मजल्यावर, दुसऱ्या गटाच्या ताब्यात. तिथं रांग असायची. मध्ये चहाची वेळ व्हायची. मी प्लेट काळ्या पिशवीत टेबलाच्या खणात ठेवायचो, चहा घ्यायचो, गप्पा मारायचो, आणि वर जायचो. कधी तास झालेला असायचा, कधी दीड. वहीत मी काय लिहायचो? वीस. दर ओळीला वीस. माझं अक्षर चांगलं आहे, रकाना फार देखणा दिसायचा.

मला काय वाटत होतं तेव्हा? तेवढ्यानं काय होतंय, असं. यापेक्षा खोल काही नाही.

तो तक्ता चौकटीत बसवून भिंतीवर लागला, खाली माझं नाव. माझ्या हाताखाली माणसं आली ती माझ्याच वळणाची झाली. झोत मारायचा, प्लेट काढायची, पिशवी खणात, सगळ्यांनी मिळून चहा, मग स्कॅन, आणि वहीत वीस. कुणाला खोटं बोलतोय असं वाटायचंच नाही. आमच्याकडं 'वीस मिनिटं' याचा अर्थच 'चहा झाल्यावर' असा होता. आणि गंमत बघा — आमचे आकडे बरोबर यायचे! तक्ता तासा-दीड तासानं वाचलेल्या प्लेटांचा, आणि मोजणीही तासा-दीड तासानं वाचलेल्या प्लेटांची. दोन्ही खोट्या वेळा एकमेकींना सांभाळून घ्यायच्या. बाहेरच्या प्रयोगशाळांशी आमचं जुळायचं, आमचं नाव होतं. त्या भिंती आजही सुरक्षित आहेत, ती काळजी करू नका.

मग सुरेखा आली.

आमच्याच तालुक्यातल्या पळसदेवची. उजनीच्या पाण्याकाठी घरची भाजीची शेती, वडील पहाटे मार्केटला माल घेऊन जाणारे. बारामतीच्या त्याच कॉलेजात शिकलेली, जिथं मी शिकलो. पीएच.डी.साठी माझ्याकडं अर्ज आला तेव्हा मी गावाचं नाव बघूनच अर्धा होकार दिला होता. आपल्याकडची पोरगी, शिकू दे. मुलाखतीत कमी बोलली, पण जे बोलली ते नेमकं. मी खूश होतो. सगळ्यांना सांगायचो, ही माझी गाववाली.

पहिली तीन वर्षं तिची अभ्यासक्रमात आणि लेसर जुळवण्यात गेली. चौथ्या वर्षी मोजणी हाती आली तेव्हा सुरेखानं भिंतीवरचा तक्ता वाचला, त्याखाली लिहिलेली वीस मिनिटं वाचली, आणि — हसू नका — तिनं ती खरी मानली. रनिंगच्या शर्यतीत वापरतात तसलं घड्याळ विकत घेतलं. स्कॅनरवाल्यांच्या हातापाया पडून आधीच नंबर लावून ठेवायची. झोत झाला की काळी पिशवी छातीशी धरून जिना चढायची. बरोबर विसाव्या मिनिटाला प्लेट यंत्रात. बाकीच्यांच्या वहीतही तिला वीसच दिसायचे.

आणि तिचा आकडा यायचा सगळ्यांच्या सव्वापट.

पहिल्यांदा मी म्हटलं, परत कर. तिनं परत केलं. सव्वापट. मी म्हटलं, तू प्लेटा नीट पुसत नाहीस, आधीचं शिल्लक राहतंय, म्हणून जास्त दिसतंय. ती तासभर पुसायला लागली, मग दोन-दोन तास. त्या प्रखर दिव्याजवळ बसून तिचे डोळे लाल व्हायचे. सव्वापट. सगळा हिवाळा असा गेला. बाकीची पोरं चहाला हाका मारायची, ती यायची नाही. तिची थट्टा सुरू झाली. कुणीतरी तिला 'सव्वाबाई' म्हणायला लागलं. मीही एकदा हसलो. तिच्यासमोरच.

एका दुपारी मी स्वतः तिला चहाला बोलवायला गेलो. ती पिशवी घेऊन स्कॅनरच्या दाराशी उभी होती, नजर घड्याळावर. मला म्हणाली, "सर, अजून सहा मिनिटं हायत. तुमी व्हा पुढं."

मी पुढं गेलो. कँटीनमध्ये बसलो, कप उचलला, आणि तसाच खाली ठेवला. सहा मिनिटं! कुणी मोजत होतं. माझ्या गटात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती मिनिटं खरोखर मोजत होतं. कागदी रुमालावर मी पाच ओळींचा हिशेब केला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत दोन प्लेटा घेतल्या, सारख्याच किरणांपुढं ठेवल्या, एक वीस मिनिटांनी वाचली, एक दीड तासानं. फरक तोच आला — सव्वापट. तिचं मोजणं बरोबर होतं. तक्ता चुकीचा होता, आणि तिच्याशिवाय आम्ही सगळे मिळून त्या चुकीत सुखानं राहत होतो.

इथं मला थांबावंसं वाटतंय. कारण इथपर्यंत जे झालं ती हलगर्जी होती. माणसाच्या हातून होते. मी त्याच सकाळी खाली येऊन म्हटलं असतं, "पोरांनो, आपण गाढव आहोत, सुरेखाचं बरोबर आहे" — तर काय झालं असतं? चार दिवस माझी चेष्टा. एक दुरुस्तीचा लेख. सुरेखाचं नाव वर, माझं खाली. इतकंच! आणि मी चेष्टा सोसणारा माणूस आहे, विचारा कुणालाही.

चार दिवसांनी समिती बसली. दर वर्षी विद्यार्थ्यांचं काम तपासायला बसते ती. विभागप्रमुखाच्या जागेसाठी माझं नाव त्या महिन्यात वर गेलेलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही, हकीकत म्हणून सांगतो. लांबट टेबल, पाच माणसं, टोकाला सुरेखा, पुढ्यात तिची वही. एका वयस्कर गृहस्थांनी अगदी नेमका प्रश्न विचारला — आकडा जास्त येतोय तो तक्त्यामुळं की हातामुळं?

माझ्या खिशात तो रुमाल होता.

मी म्हणालो, "तक्त्यावर आमचं इतक्या वर्षांचं काम उभं आहे. तक्ता बरोबर आहे. मुलगी कष्टाळू आहे, पण हाताला शिस्त नाही. हे काम तिच्या हाताचं नाही."

आवाज शांत होता. मी शांत आवाजात बोललो की लोक विश्वास ठेवतात, हे मला माहीत होतं. त्या गृहस्थांनी सुरेखाकडं पाहिलं, तुला काही म्हणायचंय का, असं. ती उभी राहिली. मला वाटलं आता ही घड्याळ काढेल, मिनिटं काढेल, वाद घालेल. घातला असता तर माझी काय हालत झाली असती! ती म्हणाली, "चूक माझीच असंल, सर." आणि बसली.

तिनं महिन्याच्या आत पीएच.डी. सोडली. चार वर्षं झाली होती तिला. जाताना पेढे देऊन गेली.

अजून संपलेलं नाही. पुढच्या वर्षी मी नवा तक्ता केला. या वेळी खरी वीस मिनिटं पाळून. गटात फर्मान काढलं की चहाआधी स्कॅन. सुधारित पद्धत म्हणून त्यावर लेख लिहिला, त्याचं कौतुक झालं. मग एकदा दार लावून घेतलं आणि सुरेखाच्या जुन्या वहीतले सगळे आकडे नव्या तक्त्यावर परत मांडले. एकूण एक बरोबर. कुठंही उडी नाही, कुठंही घसरण नाही. मी आयुष्यात पाहिलेली ती सगळ्यांत स्वच्छ मोजणी होती. लेखात तिचं नाव मी घातलं नाही. कुठल्या तोंडानं घातलं असतं? घालायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

आता गेल्या जूनमधली गोष्ट. माझा धाकटा भाऊ दत्ता इंदापूरकडं द्राक्षं करतो. वेलीच्या पानाचे देठ तपासून घेतात, म्हणजे बागेला काय कमी पडतंय ते कळतं. ती देठं तपासायला द्यायची म्हणून मला गाडीत घालून निघाला. वाटेत देठं तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाईचं कौतुक चाललं होतं. "आण्णा, लई कडक बाई हाय. देठं तोडल्याली वेळ कागदावर लिवून द्यायची. उशीर झाला तर सरळ माघारी लावती, म्हणती उद्या ताजी आना. पर तिचा रिपोर्ट म्हंजी रिपोर्ट." मी म्हटलं, वा, असं माणूस पाहिजे. मनापासून म्हटलं.

इंदापुरात रस्त्यालगत दोन खोल्या. आत गेलो तर सुरेखा.

केस पांढरे झालेले, चष्मा, अंगावर पांढरा कोट. "सर! तुमी हितं?" म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिनं खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला. घरी गेल्यावर लग्न झालं, मग माती-पाणी परीक्षणाचा कोर्स केला, मग हे उभं केलं. दत्ताला मोठ्या अभिमानानं सांगायला लागली, "हे माझे सर. ह्यांच्यामुळं मी शिस्त शिकले. तितं माझा हात कच्चा पडला. पण सरांनी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं म्हणून बरं झालं बघा, न्हायतर आणखी चार वर्षं घालवली असती मी."

तिच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी नीट निरखून पाहिलं. मोजणारा माणूस आहे मी, निरखायची सवय आहे. नव्हता. तिनं माझं वाक्य खरं मानलं होतं. त्याच्यावर तिनं अठरा वर्षं काढली होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तिची मुलगी आली. तन्वी. नुकतीच दहावी झालेली, आईसारखीच उंच, हातात अकरावीचा फॉर्म. सुरेखा म्हणाली, "बरं झालं सर तुमी आलात. हिला मार्क चांगले पडल्यात, आता सायन्स घेऊन फिजिक्सच करायचं म्हणती. मी न्हाय म्हणते. ही माझ्यावर गेलीय. आमच्या हातात ते न्हाय, सर. उगं पोरीनं तितं जाऊन रडत माघारी यायचं. कॉमर्स घे म्हणते. तुमीच सांगा हिला, तुमचं ऐकंल ती."

तन्वी माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "सर, मला मोजायचं काम आवडतं."

खोलीत आम्ही चौघं. दत्ताचं लक्ष बाहेर गाडीकडं. समिती नव्हती, विभागप्रमुखाची जागा नव्हती, माझं पेन्शन दरमहा येत होतं. मला कुणाचीही भीती नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं — तुझ्या आईचा हात बरोबर होता. सहा शब्दसुद्धा नाहीत. मी ते मनात जुळवलं. मग दिसलं की त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य सांगावं लागेल, मग तिसरं, आणि तिसऱ्या वाक्यानंतर या खुर्चीत मला कुणी बसू देणार नाही. पंखा बरा लागत होता.

मी म्हणालो, "आईचं ऐक, बाळ. आई अनुभवानं सांगतेय."

तन्वीनं मान हलवली. वाद घातला नाही. टेबलावरचं पेन उचललं, फॉर्म भिंतीला टेकवला आणि तिथंच उभ्या उभ्या कॉमर्सपुढच्या चौकटीत खूण केली. सुरेखाचा चेहरा एवढा मोकळा झाला! मला आग्रहानं जेवायला थांबवलं. मी जेवलो.

तन्वी कॉमर्सला आहे. दत्ता सांगत होता, वर्गात पहिली येते. सुरेखाचा हात मी पाहिलेल्या सगळ्या हातांत चांगला होता. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. पोरीचाही असेल, आता ते कळायचं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आपण फक्त गप्प राहिलो. तेही खोटं आहे. दोन्ही वेळा मला विचारलं गेलं, आणि दोन्ही वेळा मी उत्तर दिलं.